इवायांच्या होडीवरचा पिवळा डबा

कोपर, डोंबिवली पश्चिम

शाळेत मी जन्मभर भूगोल शिकवला. अक्षांश-रेखांश फळ्यावर इतक्यांदा काढले की निवृत्तीनंतरही हातात खडू असल्यासारखी बोटं चिमटीत धरायची सवय गेलेली नाही. पण भूगोलाच्या मास्तराला कुणी हेर म्हणून कामगिरीवर पाठवेल, असं स्वप्नातही आलं नव्हतं. पाठवलं तेही कुणी, तर सुनेनं.

सायली, माझी सून, ठाण्याच्या घोडबंदर अंगाला असलेल्या कोलशेतची. जन्माची कोळीण. तिचे वडील काशिनाथ, म्हणजे माझे व्याही, आजही स्वतःची होडी घेऊन खाडीतून समुद्रात जातात. कोळीवाड्यात व्याह्याला इवाय म्हणतात. लग्नाच्या दिवसापासून मी त्यांचा इवाय आणि ते माझे.

गेल्या साली पावसाळा संपल्यावर त्यांच्या होडीचं इंजिन भर समुद्रात बंद पडलं. वारा जमिनीकडून. होडी वाहत गेली. फोन लागेना, वायरलेसची बॅटरी उतरलेली. किनाऱ्यावर कुणालाच ठाऊक नाही की माणसं कुठे आहेत. शेवटी काही दिवसांनी दुसऱ्या गावच्या एका बोटीनं त्यांना पाहिलं आणि ओढत आणलं. काशिनाथ हसत उतरले आणि पहिल्यांदा चहा मागितला. सायली मात्र तेव्हापासून एकच वाक्य बोलायला लागली, "होडी विका."

काशिनाथांचं उत्तरही ठरलेलं. "होडी इकून काय करू? तुमच्या सोसायटीचा वॉचमन होऊ?"

शेवटी माझ्या मुलानं, निखिलनं, मधला रस्ता काढला. संकटात सापडलेल्या बोटीचा ठावठिकाणा उपग्रहामार्फत किनाऱ्याला कळवणारं एक यंत्र मिळतं, ते त्यानं आणून दिलं. पिवळाधमक, हातभर उंचीचा डबा, वर अँटेना आणि पारदर्शक टोपीत छोटा दिवा. आपल्या खोबणीत बसलेला असला की तो झोपलेला असतो. खोबणीतून निघाला आणि त्याला पाणी लागलं, की जागा होतो आणि "मी इथे आहे" असं सांगत राहतो. संदेश बचाव केंद्रात पोचला, की तिथली माणसं नोंदवलेल्या नंबरांवर आधी फोन करतात. पहिला नंबर माझा, कारण निवृत्त माणूस फोन उचलतोच, अशी घरात समजूत आहे. दुसरा सायलीचा.

सायलीनं अट घातली. डबा केबिनच्या छपरावर, उघड्या आभाळाखाली राहील. कायम. तसं झालं नाही, तर दसऱ्यानंतर होडी विकायची. काशिनाथांनी देवीची शपथ घेतली.

"बाबा, तुम्ही एकदा जाऊन या ना बापूंबरोबर," नवरात्रात एका संध्याकाळी सायली मला म्हणाली. वडिलांना ती बापू म्हणते. "तुमचं फिरणं पण होईल."

"फिरणं पण म्हणजे? आणखी काय होईल?"

"डबा कुठे ठेवलाय तो बघून या. माझ्यासमोर ते हो-हो करतात हो. मी दोनदा गेलेले, दोन्ही वेळा डबा छपरावर. पण मी येणार हे त्यांना आधी माहीत होतं."

मी पिशवी भरली. आमच्या घरामागे, इमारती आणि खारफुटी ओलांडली की जी उल्हास खाडी दिसते, तीच काशिनाथांच्या अंगणापुढून समुद्राला जाते. इतकी वर्षं तिच्या काठी राहून तिच्यावर पाऊल ठेवलं नव्हतं. मोठागावहून माणकोलीचा नवा पूल ओलांडताना रिक्षातून खाली पाहिलं. पाणी चहाच्या रंगाचं होतं. त्यात आपण उद्या असणार, ही कल्पना मला मजेची वाटली.

कोलशेत

मनात आणखी एक स्वार्थ होता, तो सांगून टाकतो. मासे. माझं मूळ देशावरचं, मासे खायला मी लग्नानंतर शिकलो आणि सायली सून झाल्यावर सुधारलो. खाडीतल्या जिताड्याबद्दल मी इतकं ऐकलं होतं की रिक्षातच तोंडाला पाणी सुटलं.

सायलीच्या आईनं, चंद्रा वहिनींनी, समोर ताट ठेवलं. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, काकडीची कोशिंबीर.

मी ताटाकडे आणि मग मागच्या दारात वाळत घातलेल्या जाळ्यांकडे पाहिलं. वहिनींना ते कळलं. "नवरात हाय ना, इवाय. आमी नवरातीत मासली मारतो, पन खात नाय."

"म्हणजे होडीवरही?"

"होडीवर पन बिरडंच," काशिनाथ म्हणाले आणि इतके मोठ्यानं हसले की ओटीवर झोपलेलं मांजर उठून गेलं.

आमच्याकडे उपास म्हणजे साबुदाणा, शेंगदाणे, रताळी असा जास्तीचा स्वयंपाक. इथे हातातला घास समोर फडफडत असताना तो टोपलीत टाकायचा आणि आपण वाल खायचे. यांचा उपास आमच्यापेक्षा अवघड आहे, हे मी मान्य केलं आणि बिरडं दोनदा घेतलं.

गायमुख, घोडबंदर आणि पुढे

ओहोटी लागली तशी सकाळी निघालो. होडीवर आम्ही तिघंच. काशिनाथ, मी आणि दामू. दामू त्यांचा जुना खलाशी, पन्नाशीचा, बोलायला अत्यंत नाखूष. दिवसभरात तो माझ्याशी जे काही बोलला त्यात "सरका" हा शब्द सगळ्यात जास्त वेळा आला.

हेरगिरी लगेच सुरू करायची म्हणून मी होडीत चढताच छपराकडे पाहिलं. खोबणी होती. डबा नव्हता.

मी पिशवी कोपऱ्यात ठेवली. हेरानं घाई करू नये.

गायमुखापर्यंत खाडी ओळखीची वाटते. डाव्या हाताला घोडबंदरचे टॉवर, त्यांच्या पाठीशी येऊरचे डोंगर, पावसानंतरचे अजून हिरवे. उजव्या हाताला भिवंडीकडची खारफुटी, तिच्यात बगळे. रस्त्यानं या भागातून गेलो की मला फक्त ट्रकांच्या रांगा आठवतात. पाण्यावरून तो रस्ता ऐकूही येत नाही. टॉवरच्या उंच गॅलऱ्यांमध्ये वाळत घातलेले कपडे दिसतात, आणि त्या घरांतली माणसं आपल्याकडे बघत असतील का, असा विचार येतो. मी एका गॅलरीकडे हात हलवला. कुणी उत्तर दिलं नाही. दामू म्हणाला, "सरका."

नागला बंदराच्या पुढे पाणी रुंदावलं. घोडबंदरचा पूल गेला, भाईंदरचे रेल्वेचे पूल डोक्यावरून गेले, आणि उजवीकडे वसईच्या किल्ल्याची तटबंदी दिसायला लागली. तिथे खाडी संपते आणि होडी पहिल्यांदा मान उचलते. माझ्या पोटानंही मान उचलली. सकाळचा चहा मी समुद्राला अर्पण केला. काशिनाथांनी माझ्या हातात लिंबाची फोड दिली आणि सांगितलं, "दूर बगा. होडीत नका बगू."

बसायला सावली म्हणून मला केबिनमध्ये नेलं. तिथे डबा सापडला.

केबिनच्या पुढच्या कोपऱ्यात देवीची तसबीर, तिच्या पायाशी लाकडी फळी. फळीवर नारळ, उदबत्तीचं घर आणि पारदर्शक पिशवीत गुंडाळून, तिला रबर लावून, वर झेंडूची माळ घातलेला पिवळा डबा. त्याची पूजा व्यवस्थित झाली होती. कुंकू ताजं होतं.

"काशिनाथ, हा छपरावर असायला हवा."

"छपरावर खारं पानी उडतं. खराब व्हईल. पोरानं हौसेनं आनलाय." ते सुकाणूवरून वळलेही नाहीत. "हितं देवीजवळ हाय. देवी पन राखील आन तो पन राखील."

"पण लाकडी छपराखालून, पिशवीतून त्याची हाक आभाळात कशी जाणार? होडी उलटली तर तो इथेच अडकून राहील. आणि पाणी लागून खराब होईल म्हणता, त्याला पाणी लागायलाच बनवलाय."

यावर त्यांनी दामूला जाळं टाकायची खूण केली. जाळं टाकून झालं, इंजिन बंद केलं, होडी संथ डोलायला लागली. दामूनं स्टोव्ह पेटवला. पाण्याचा रंग आता हिरवट होता आणि जमिनीची फक्त एक धूसर रेघ राहिली होती. मला मळमळ होत नव्हती. खरं सांगायचं तर मला अतिशय शांत वाटत होतं. इतकं मोठं आभाळ मी फळ्यावर कधी काढू शकलो नसतो.

काशिनाथ माझ्याशेजारी येऊन बसले.

"इवाय, एक सांगतो. समदे बोलतात, गेल्या सालाला काशिनाथ हरवला. पोरगी पन तेच बोलते. आमी हरवलो नवतो." त्यांनी दामूकडे पाहिलं. "काय रे?"

"नवतो," दामू म्हणाला.

"पान्याचा रंग बगून मला कळतं किती खोल हाय. दोरीला वजन बांधून सोडलं, त्याला लागलेला चिखल बगितला, की कळतं कुटं हाय. रातीला तारं व्हतं. आमी भात शिजवून खाल्ला, पानी मोजून प्यालो, जाळी शिवली. मला रोज ठाव व्हतं मी कुटं हाय. इंजिन चालत नवतं, येवढंच. आन आता ह्यो डबा मला सांगनार व्हय, काशिनाथ, तू कुटं हायस?"

त्यांचा राग खरा होता. जन्मभर ज्या पाण्यावर वावरला, तिथे वाट चुकला असं पोटच्या पोरीनं म्हणायचं, हे त्यांना लागलं होतं. मला त्यांची बाजू कळली. सायलीचीही कळत होती. भूगोलात या दोन्हींना मिळून उत्तर नव्हतं.

थोड्या वेळानं त्यांनी हळूच विचारलं, "तुमाला पोरीनं धाडलंय ना?"

हेरगिरी संपली. "हो."

"सांगनार तिला?"

"आपण होऊन सांगणार नाही. पण तिनं विचारलं तर खोटं बोलणार नाही."

"बराबर हाय," ते म्हणाले. "होडी गेली मंग."

ते जाळं ओढायला उठले. मांदेली, बोंबील, थोडी कोलंबी असं आलं. सगळं चकाकत टोपलीत पडलं. आम्ही भाकरी आणि बिरडं खाल्लं. मी पहिल्यांदाच माशांकडे बघून जेवलो आणि मला त्यांची आठवण झाली नाही.

पुन्हा कोलशेत, दसरा

आदल्या संध्याकाळी भरतीबरोबर परत आलो. डबा खोबणीत लावून छपरावर ठेवू या, असं मी एकदा म्हणून पाहिलं. "उद्या पूजा हाय, पूजा झाली की बगू," असं उत्तर मिळालं. होडीवरून सगळी हत्यारं घरी आणायची होती, त्यात डबाही आला.

दसऱ्याला आमच्या घरी निखिलचा लॅपटॉप आणि माझी जुनी मोजपट्टी पाटावर ठेवतो. मोजपट्टी ही माझी तलवार, असा त्याचा विनोद आहे. कोलशेतला मात्र अंगणातच मोठा पाट मांडतात, खाडीकडे तोंड करून. त्यावर जाळी शिवायची सुई, कोयते, वायरलेस, होकायंत्र, इंजिनाचे पाने. आणि मोबाइल. घरातले सगळे मोबाइल. "पोट त्याच्यावर पन हाय ना, इवाय," चंद्रा वहिनी म्हणाल्या आणि माझ्यापुढे हात केला. मी माझाही फोन दिला. आवाज बंद करून, झेंडूच्या फुलांत तो नीट बसवला.

रीत अशी की पूजेत मांडलेल्या वस्तूला आरती होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. आरतीला गल्लीतले एक म्हातारे बुवा येतात, घरोघर, क्रमानं. काशिनाथांचं घर शेवटचं होतं. मी खुर्चीत बसून आपट्याच्या पानांच्या जुड्या बांधत होतो. काशिनाथ जेट्टीवर होडीला तोरण बांधत होते.

नवी वस्तू पाटावर ठेवण्याआधी तिला आंघोळ घालायची, हीसुद्धा रीत. चंद्रा वहिनींनी पिशवीचं रबर काढलं, डबा तांब्याच्या परातीत उभा केला आणि हळदीच्या पाण्यानं चांगला धुतला. मग न पुसताच पाटावर ठेवून वर ओल्या झेंडूचा जाड हार घातला.

डब्याच्या टोपीतला दिवा लुकलुकायला लागला.

"बगा, बगा," वहिनींना फार आनंद झाला. "देवी पावली. आपसूक दिवा लागला."

शेजारच्या दोघी बायका बघायला आल्या. एकीनं हात जोडले. मीही कौतुकानं पाहिलं. यंत्र सुरू कसं होतं, ते कालच समुद्रात ठणकावून सांगणारा मास्तर मी, आणि डोळ्यांसमोर ते सुरू झालं तर मला वाटलं, चाचणीचा दिवा असेल.

थोड्या वेळानं पाटावरचा माझा फोन थरथरायला लागला. झेंडूची दोन फुलं घरंगळली. मी उठलो.

"राहू दे, इवाय," वहिनी म्हणाल्या. "आरती नाय झाली."

परक्या घरची रीत मोडायची नाही, या शहाणपणानं मी बसलो. फोन थांबला, पुन्हा थरथरला. मग वहिनींचा फोन थरथरला. मग काशिनाथांचा. पाटावर सगळं कसं जिवंत झाल्यासारखं दिसत होतं. डबा लुकलुकतोय, फोन हलताहेत, उदबत्तीचा धूर. शुभेच्छांचे फोन असतील, असं आम्ही तिघाचौघांनी एकमतानं ठरवलं.

बुवा आले, काशिनाथ जेट्टीवरून आले, आरती झाली. कापूर विझला तसा मी फोन उचलला. एका अनोळखी नंबरचे आणि त्याखाली सायलीचे, पडद्यावर मावणार नाहीत इतके फोन येऊन गेलेले. मी डब्याकडे पाहिलं आणि तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. हार काढला, डबा धोतरानं खसाखसा पुसला, कळ दाबून दिवा बंद केला.

"काय झालं?" काशिनाथांनी विचारलं.

उत्तर द्यायच्या आत अंगणाबाहेर रिक्षा थांबली. सायली उतरली. दसऱ्याची नवी साडी, केस अर्धे विंचरलेले, पायात घरातल्या चपला. ती वडिलांसमोर उभी राहिली, त्यांच्या दंडाला हात लावून पाहिला आणि मगच तिला श्वास घेता आला.

"बचाव केंद्राचा फोन आलेला," ती म्हणाली. "काशिनाथांच्या बोटीवरून संकटाचा इशारा येतोय, बोट कुठे आहे, असं विचारत होते. मला काय माहीत कुठे आहे? तुम्ही काल परत येणार होता, पण आल्याचं कुणी कळवलं नव्हतं. बाबा फोन उचलत नाहीत, आई उचलत नाही, कुणीच उचलत नाही."

वहिनींनी पाटाकडे, मग डब्याकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "मी आंगोळ घातली गो त्याला."

सायलीनं फोन काढून वडिलांपुढे धरला. "त्यांनी अक्षांश-रेखांश सांगितले. मी रिक्षात नकाशात टाकले. हे बघा."

काशिनाथांनी फोन हातात घेऊन चष्मा लावला. खाडीचं निळं वळण, काठावर जेट्टी, आणि जेट्टीमागे एक लाल ठिपका.

"ही आपली जेट्टी," ते म्हणाले. बोट पुढे सरकवलं. "ह्यो आपला पिंपळ. हे... अंगण हाय आपलं?"

"हो. तरी भीती वाटत होती. जेट्टीवर काही झालं असेल, आग लागली असेल, कायपण येत होतं मनात. पण कुठे जायचं ते माहीत होतं. रिक्षावाल्याला पत्ता सांगता आला." तिनं ठिपक्यावर बोट ठेवलं. "गेल्या वर्षी मला कुणाला काय सांगायचं तेच माहीत नव्हतं, बापू."

काशिनाथ ठिपक्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "गेल्या सालाला ह्यो असता तर लवकर नेलं असतं आमाला, येवढंच ना? आमी मजेत व्हतो, पोरी. रोज भात खाल्ला."

"तर मी पण जेवले असते," सायली म्हणाली.

वहिनींनी पदर तोंडाला लावला. ही गोष्ट त्यांना माहीत होती, काशिनाथांना नव्हती. मलाही नव्हती. त्या दिवसांत ती आमच्या घरी नव्हती, इथे जेट्टीवर होती.

मग तिनं डोळे पुसले आणि माझ्याकडे वळली. "बाबा, होडीवर डबा कुठे होता?"

माझं तोंड उघडायच्या आत काशिनाथ बोलले. "आत व्हता. देवीजवळ, पिशवीत. इवायांना नको इचारू, मी सांगतो. मला वाटलं त्यो मला सांगनार, तू कुटं हायस." त्यांनी तिचा फोन तिच्या हातात दिला. "त्यो तुला सांगनार हाय, ते मला नाय कळलं."

त्यांनी आधी बचाव केंद्राला फोन लावायला सांगितला. मी लावून दिला आणि बोलायला लागणार, तेवढ्यात त्यांनी तो माझ्याकडून घेतला. "साहेब, काशिनाथ बोलतो. चूक झाली, पूजेत पानी लागलं. मी घरी हाय." पलीकडच्या माणसानं सगळे सुखरूप आहेत ना, हे विचारलं. "समदे हायत," काशिनाथ म्हणाले.

होडी विकायची की नाही, हे त्यानंतर कुणी बोललं नाही. वहिनी आत जाऊन ताटं घेऊन आल्या. काशिनाथांनी पहिलं ताट स्वतः वाढलं, श्रीखंड, पुरी, बटाट्याची भाजी, वर भाताची मूद, आणि ते सायलीपुढे ठेवलं. ते तिच्यासमोरच पायरीवर बसून राहिले. तिनं पहिला घास घेतला, दुसरा घेतला, तेव्हा कुठे ते उठले. डबा पुन्हा एकदा पुसला, काखेत धरला आणि जेट्टीकडे चालायला लागले. मी ताट ठेवून मागोमाग गेलो. त्यांनी छपरावर चढून डबा खोबणीत बसवला, हलवून पाहिला, आणि खाली न उतरताच अंगणाच्या दिशेनं ओरडले, "सायले, दिसतो का गो तितनं?"

"दिसतो," ती तोंडात घास असतानाच म्हणाली.